उन्हात रंग, पावसात सुई : गोव्यातल्या घरात कापड रंगवून भिंतीवरची गोधडी कशी करावी

कापड रंगवण्याच्या बहुतेक कृती कोरड्या हवेत राहणाऱ्या माणसांनी लिहिलेल्या असतात. ‘रात्रभर वाळू द्या’ असं त्यांत बिनदिक्कत म्हटलेलं असतं. जुलैत फोंड्याला रात्रभर दोरीवर घातलेलं पोलकं सकाळी आदल्या दिवसापेक्षा ओलं लागतं, त्याचं काय करायचं ते त्या कृतींत नसतं. विहिरीच्या पाण्यातलं लोखंड, गंजणाऱ्या टाचण्या, चिऱ्याच्या भिंतीला येणारी ओल यांचाही त्यात पत्ता नसतो. गोव्यात हे काम करायचं तर पाणी आणि हवा या दोघांशी आधी जमवून घ्यावं लागतं. रंग आणि टाके त्यानंतर. म्हणून या लेखातल्या कृती बऱ्याचशा नेहमीच्याच आहेत, त्यांचा क्रम आणि वेळ मात्र इथल्या घराप्रमाणे लावली आहे.

आर्ट क्विल्ट म्हणजे गोधडीच. अंथरायच्या ऐवजी टांगायची, एवढाच फरक. वरचं कापड, मधला थर, खालचं अस्तर आणि तिघांना धरून ठेवणारा टाका. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने १९७१ साली अमेरिकेतल्या जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि या प्रकाराकडे कला म्हणून बघणारे लोक वाढले. लुगड्यांच्या घड्या एकावर एक ठेवून धावदोरा घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी कळवलं नाही, ते सोडा.

वर्ष आणि दिवस

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे नोव्हेंबर ते मे रंगकाम, जून ते सप्टेंबर मांडणी आणि शिवण, अशी सरळ वाटणी करा. मेअखेर घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात तसा रंगवलेल्या कापडांचाही साठा करून ठेवायचा. पूर्ण वाळलेली, धुऊन रंग जाईनासा झालेली कापडं कपाटात असली की मग पाऊस कितीही लागो, हाताला काम असतं. ऑक्टोबर आवराआवरीचा. चवथ (गणेश चतुर्थी) झालेली असते, ऊन पडायला लागतं, कपाटं उघडून काय टिकलं आणि कशावर बुरशी आली ते बघायचं.

दिवसाचं म्हणाल तर रंगाचं काम सकाळी, समुद्राकडचा वारा सुटायच्या आत. रंगाची पूड वाऱ्यावर उडते आणि मग ती कुठे कुठे बसली ते पुढचे दोन आठवडे कळत राहतं. चूल पेटलेली असताना बाजूला बसून हिरडा चाळणं, भुसा भिजत घालणं अशी कामं उरकतात. दुपार घरात कापायला, टाचायला. हातशिवण दिवसाच्या उजेडातच करा. ट्यूबलाइटखाली गडद निळ्यावर काळा टाका घालणं म्हणजे डोळ्यांशी वैर. संध्याकाळी नोंदवही, त्याबद्दल पुढे सांगते.

पाण्याची परीक्षा

जांभ्या जमिनीतल्या विहिरींच्या पाण्यात बरेचदा लोह असतं. प्यायला ते चालून जातं, रंगाला चालत नाही. फणसाच्या लाकडाचा सोनेरी पिवळा लोहाने शेवाळी होतो, मंजिष्ठेचा लाल विटकरी-तपकिरी होतो. तुमचं पाणी कसं आहे ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड आणा. दोन काचेच्या पेल्यांत चमचा चमचा टाका, एकात विहिरीचं पाणी ओता, दुसऱ्यात बाटलीतलं. अर्ध्या तासाने दोन्ही पेले पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. विहिरीचा पेला करडा किंवा काळपट दिसला तर पाण्यात लोखंड आहे.

असलं तर घाबरू नका. पाणी उघड्या पिंपात घ्या, काठीने चांगलं घुसळा आणि रात्रभर स्थिर ठेवा. हवा लागून लोखंडाची तांबूस साय आणि गाळ तयार होतो, वरचं पाणी हलक्या हाताने काढून घ्यायचं. याहून सोपा उपाय आभाळातून पडतो. पहिले काही पाऊस कौलं धुऊन जाऊ द्या, मग पागोळ्यांचं पाणी गाळून झाकणाच्या पिंपांत भरून ठेवा. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार नसतात. पिंपाला जाळी बांधायला विसरू नका, नाहीतर रंगाच्या आधी डास तयार होतील.

भांड्यांच्या बाबतीतही तेच. न्हाणीतलं तांब्याचं भाण कितीही मोठं आणि सोयीचं दिसलं तरी त्यात रंग उकळू नका. तांबंही रंग बदलतं. सोडा घालायचा असल्यामुळे ॲल्युमिनियमही नको. स्टेनलेस स्टीलचं एक मोठं पातेलं या कामासाठी कायमचं वेगळं काढा आणि त्याच्यावर खूण करा, म्हणजे कुणी त्यात चुकून भात शिजवणार नाही.

कापड आणि खळ

सुरुवातीला सुती कापडच घ्या. पॉपलीन, केंब्रिक, मांजरपाट, मलमल यातलं काहीही चालतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या न्यू मार्केटात हात लावून कापड बघता येतं, ही फार मोठी सोय आहे. ‘कॉटन’ म्हणून विकलेल्या कापडात पॉलिएस्टर मिसळलेलं असू शकतं. दोन धागे ओढून काडीवर धरा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो, मिश्र धाग्याची टोकाला काळी कडक गोळी होते. गोळी दिसली तर ते कापड अस्तरालाही घेऊ नका.

नव्या कापडात खळ आणि तेल असतं. ते निघालं नाही तर रंग डागाडागांनी बसतो आणि मग माणसं रंगाला दोष देतात. अर्ध्या किलो कापडाला (साध्या पन्ह्याचं पॉपलीन असेल तर साधारण चार मीटर) दहा-बारा लिटर पाणी, १० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा द्रव साबण. तासभर मंद उकळा, मधून मधून काठीने खालीवर करा. पाणी चहासारखं पिवळं होईल. मांजरपाटाला हे दोनदा करावं लागतं. खळ निघाली की नाही ते बघायला वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब क्षणात शोषला गेला तर काम झालं. वर मण्यासारखा बसून राहिला तर परत उकळा. हा सोडा म्हणजे धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. दुकानदार दोन्हींना ‘सोडा’च म्हणतो.

हिरडा, तुरटी आणि सुताराकडचा भुसा

इथे फुकट मिळणारा आणि खात्रीचा रंग कुठला विचाराल तर मी फणसाच्या लाकडाचं नाव घेईन. आग्नेय आशियातल्या बौद्ध भिक्खूंची वस्त्रं याच लाकडाने रंगवत असत. आपल्याकडे दारं-खिडक्या, देव्हारे करताना त्याचा पिवळाधमक भुसा सुताराच्या पायाशी पडलेला असतो. पिशवी घेऊन गेलं की ‘बाय, ह्या भुशाचें किदें करता गे?’ हा प्रश्न येतोच. एक रंगवलेला तुकडा नेऊन दाखवा, पुढच्या वेळी तो भुसा वेगळा काढून ठेवतो. मात्र त्याच जागी सागाचं, आंब्याचं लाकूड कापलेलं असेल तर भुसा मिसळलेला असतो. शुद्ध भुसा हातावर ओला केला की लगेच पिवळा डाग देतो.

सुती कापडावर झाडांचे रंग आपणहून नीट बसत नाहीत, आधी जमीन, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, तयार करावी लागते. अर्ध्या किलो धुतलेल्या कापडाचा हिशोब असा.

१०० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवा, तासाभराने गाळा, दहा लिटर कोमट पाण्यात मिसळा. ओलं कापड त्यात रात्रभर बुडवून ठेवा, कुठेही वर तरंगता कामा नये. सकाळी पिळून, न धुता, सावलीत वाळवा. कापड सायीच्या रंगाचं होईल.

दुसऱ्या दिवशी ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. वेगळ्या पेल्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून तो थोडा थोडा करून तुरटीत ओता. फसफसून वर येतं, म्हणून भांडं अर्धंच भरलेलं असू द्या. फेस बसला की पाणी वाढवून कापड आत घाला, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम ठेवा आणि रात्रभर मुरू द्या. नंतर एकदाच हलकं खंगाळा.

भुसा कापडाच्या वजनाइतका, म्हणजे अर्धा किलो, जुन्या धोतराच्या पुरचुंडीत बांधून आदल्या रात्री भिजत घाला. पुरचुंडी न बांधता टाकलात तर भुसा कापडाच्या विणीत अडकतो आणि शिवताना सुईला लागत राहतो. तासभर उकळा, पुरचुंडी काढा, पाणी कोमट झालं की ओलं कापड सोडा आणि हळूहळू तापवत पाऊण तास मंद आचेवर ठेवा. मग चुलीतली लाकडं ओढून घ्या आणि कापड त्याच पाण्यात गार होऊ द्या. घाईने काढलेल्या आणि रात्रभर मुरलेल्या कापडात सहज दिसण्याइतका फरक पडतो.

हीच जमीन मंजिष्ठेला, झेंडूला, डाळिंबाच्या सालीला चालते. दसऱ्यानंतर दारावरची तोरणं उतरतात तेव्हा झेंडू मागून आणून सावलीत वाळवून ठेवा. पूर्ण कडकडीत वाळला पाहिजे, नाहीतर डब्यात कुजतो. शहाळ्याची आणि नारळाची सोडणं तासन्‌तास उकळली तर गुलाबी झाक असलेला बदामी रंग देतात. दिसायला साधा असतो, पण मांडणीत दोन भडक रंगांच्या मधे ठेवायला त्याच्यासारखा रंग नाही.

लोखंडाचं काळं

जे लोखंड पाण्यात नको होतं तेच आता मुद्दाम वापरायचं. कलमकारी आणि अजरखचे कारागीर काळ्या रंगासाठी हीच रीत वापरतात. गंजके खिळे, नट, पत्र्याचे तुकडे मिळून किलोभर, गूळ १०० ते १५० ग्रॅम, पाणी पाच लिटर. प्लास्टिकच्या बादलीत घालून वर फडकं बांधा आणि अंगणाच्या कडेला ठेवा, घरात नको. दोन-तीन दिवसांत फेस येतो, आंबूस वास सुटतो. उन्हाळ्यात पंधरा ते वीस दिवसांत पाणी तयार होतं. वर तवंग येतो, खाली गडद पाणी असतं, ते गाळून बाटलीत भरा.

वापरताना हात आखडता घ्या. बादलीभर पाण्यात चार-पाच चमचे पुरतात. हिरड्यातलं कापड त्यात बुडवलं की डोळ्यांसमोर करडं होत जातं आणि फणसाचं पिवळं शेवाळी होतं. पाच मिनिटांत बाहेर काढा. जास्त लोखंड बसलं तर धागा कमजोर होतो आणि काही वर्षांनी नेमकी काळी जागाच फाटते. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषा झिजून भोकं पडलेली दिसतात ती बरेचदा यामुळेच. म्हणून बाहेर काढल्यावर चिमूटभर सोडा घातलेल्या पाण्यातून एकदा काढून, मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. हिराकसही (लोखंडाचा क्षार) हेच काम करतं. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) मात्र घेऊ नका. त्याने हिरवा छान येतो हे खरं, पण ते विषारी आहे, आणि आपल्या घरात परसातल्या विहिरीपासून न्हाणीचं सांडपाणी लांब नसतं.

भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांचा लाल, बीट, हळद, पारिजातकाचे देठ यांच्या नादी लागू नका. सोलकढीचा रंग बघून मोह होतो, पण तो आंबटावर अवलंबून असतो. साबण लागला की निळसर-करडा होतो आणि धुतला की जातो. हळद धुण्यात टिकली तरी उन्हात काही दिवसांत उडते. निळीबद्दल इथे जास्त लिहीत नाही, तो वेगळाच संसार आहे. सुरुवात करायची असेल तर एक भाग नीळ, दोन भाग विरवलेला चुना, तीन भाग फ्रुक्टोज हे वजनाचं प्रमाण लक्षात ठेवा आणि पातळ पाण्यात अनेक बुड्या द्या. एका गडद बुडीपेक्षा ते टिकतं.

तयार पक्के रंग

झाडांच्या रंगांवर प्रेम असलं तरी भिंतीवर लावायच्या कामात झगझगीत निळा, जांभळा, चटक हिरवा हवाच असेल तर थंड पाण्याचे रिॲक्टिव्ह रंग वापरा. ‘प्रोसियन एम’ या नावाने ते बाजारात ओळखले जातात. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली ते पहिल्यांदा विक्रीला आणले. यात रंगाचा कण धाग्याला रासायनिक बंधाने चिकटतो, म्हणून तो धुण्याने जात नाही. चिकटण्यासाठी लागतात तीन गोष्टी : सोडा, ओल आणि ऊब. शेवटच्या दोन्ही आपल्याकडे फुकट.

पूड मोजताना पंखा बंद, मास्क लावलेला, हातात मोजे आणि खाली ओला वर्तमानपत्राचा कागद. पंखा बंद करायला उकाड्यात जिवावर येतं, पण ही पूड श्वासात गेली की काहींना कायमची ॲलर्जी होते. मुलं, मांजर, जेवणाची भांडी त्या वेळी आसपास नकोत.

एक मीटर पॉपलीनसाठी २५० मिली कोमट पाण्यात मध्यम रंगाला २ ग्रॅम, गडदाला ५ ग्रॅम पूड. आधी चमचाभर पाण्यात लापशी करून मग पातळ करा. कापड ओलं करून, चुरगळून डब्यात कोंबा. वरून रंग ओता, बोटांनी दाबा, वीस मिनिटं थांबा. मग २५० मिली सोड्याचं पाणी ओता. त्याचं प्रमाण लिटरला ४० ग्रॅम. डब्याला झाकण लावा आणि रात्रभर विसरा. चुरगळ्यांत रंग कमीजास्त बसून जे ढग उठतात ते आर्ट क्विल्टला एकसारख्या रंगाच्या कापडापेक्षा जास्त उपयोगी पडतात. पाणी, आभाळ, चिरे, सगळं त्यातून निघतं. एकसारखा रंग हवा असेल तर भरपूर पाणी घ्या आणि अर्धा तास ढवळत राहा. सोडा मिसळलेला रंग काही तासांत निकामी होतो, उद्यासाठी ठेवू नका.

एकाच रंगाची उतरती मालिका करून ठेवणं ही सवय फार कामाची. पेल्यात २५० मिली गडद रंग घ्या. त्यातला निम्मा पहिल्या अर्ध्या मीटरवर ओता. पेला पाण्याने परत भरा, पुन्हा निम्मा दुसऱ्या तुकड्यावर. असं सहा वेळा केलं की गडदापासून फिकटापर्यंत सहा पायऱ्या मिळतात. प्रत्येकाला सोड्याचं पाणी सारखंच, १२५ मिली. लिंबाचा पिवळा, मॅजेंटा, फिरोजी आणि एक गर्द निळा एवढ्या चार पुड्यांत बाकीचं सगळं निघतं. फिरोजीला जास्त ऊब लागते, तो एप्रिल-मेमध्ये करा. जानेवारीच्या गार रात्री तो अर्धवटच चिकटतो.

पुष्कळ कृतींत युरिया सांगितलेला असतो. तो ओल धरून ठेवतो. इथल्या हवेत, झाकलेल्या डब्यात, त्याची गरज नाही. ब्रशने रंग लावणार असाल तर रसायनांच्या दुकानातला घ्या. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचं तेल लावूनच येतो, त्याने डाग पडतात.

धुताना आधी गार पाणी, सोडा निघेपर्यंत. मग कढत पाणी आणि साबण, त्यात अर्धा तास भिजत. न चिकटलेला रंग कढत पाण्यानेच सुटतो, गार पाण्यात शंभर वेळा खंगाळूनही तो आत राहतो. शेवटी ओल्या कापडावर पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा कढत पाणी. लाल आणि काळ्याला हे नेहमी दोन-तीनदा करावं लागतं. सांडपाणी विहिरीपासून लांब, शोषखड्ड्यात. माडाच्या आळ्यात सोड्याचं पाणी ओतू नका.

नोंदवहीत प्रत्येक रंगाचा दोन बोटं रुंद तुकडा चिकटवा. शेजारी वजनं, पाणी कुठलं, तारीख, हवा. तोच तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून पश्चिमेच्या खिडकीला महिनाभर लावा. झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक दिसला तर तो रंग विकायच्या कामात घेऊ नका.

कावीवरून मांडणी

पहिलं काम साठ बाय साठ सेंटिमीटरहून मोठं नको. आणि विषय शोधायला लांब जाऊ नका. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी असते. पांढऱ्या चुन्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. कापडात हे जसंच्या तसं करता येतं, कारण उलट्या ठिगळकामाची रीत हीच आहे. वरचं कापड कापून खालचं दाखवायचं.

लालासाठी तीच जांभी माती वापरा, जी शाळेच्या मोज्यांतून कधीच जात नाही. पेलाभर माती बादलीत ढवळा, मिनिटभर थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, खाली राहिलेली रेती टाकून द्या. असं तीन-चारदा केलं की शेवटच्या बादलीच्या तळाशी लोण्यासारखी मऊ माती बसते. दोन बोटांत चोळली तर अजिबात खरखर लागता कामा नये. रात्रभर भिजवलेले सोयाबीन वाटून, दूध गाळून घ्या. त्या दुधात ही माती ताकाइतकी पातळ कालवा आणि रुंद ब्रशने धुतलेल्या कापडावर लावा. दूध त्याच दिवशी संपवायचं, आपल्या उकाड्यात ते दुपारी नासतं. पातळ दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. मग कापड तीन-चार आठवडे तसंच ठेवा. सोयाबीनमधलं प्रथिन घट्ट होऊन माती धरून ठेवतं. त्याआधी धुतलंत तर मेहनत गटारात.

आता खाली हिरड्यातलं सायीच्या रंगाचं कापड, वर हे लाल. कडेने आणि मधून कच्चे टाके घाला. खडूने आकृती काढा. पहिल्यांदा साधी वेल, सूर्यफूल, समईची रेघ असं काहीतरी, बारीक नक्षी नको. लहान टोकदार कात्रीने फक्त वरचं कापड, आखलेल्या रेषेच्या चार मिलिमीटर आत कापा. आतल्या वळणावर अगदी रेषेपर्यंत छोट्या चिरा द्या. सुईच्या टोकाने कड आत दुमडत दुमडत, त्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक तुरपाई. एका वेळी इंच-दीड इंचच कापा आणि शिवा. सगळी नक्षी आधी कापून ठेवली तर कडा सुटतात आणि आकृती पसरते.

दुसरी कल्पना कुणबी साडीच्या चौकडीची. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी ती पुन्हा लोकांच्या नजरेत आणली आणि आता तिच्या छापील नकला जिकडेतिकडे दिसतात. खरी हातमागाची साडी कापू नका. चौकडीची मापं घ्या आणि त्या रेषांवर टाके चालवा.

थर आणि टाके

अस्तर प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटर जास्त ठेवा. मधल्या थरासाठी जुनी, धुऊन मऊ झालेली सुती चादर किंवा फलानी (फ्लॅनेल) घ्या. जाड कापसाची गादी आपल्या हवेत ओल पिते आणि कुबट वास धरते. कामाला फुगीरपणा हवाच असेल तर पातळ पॉलिएस्टर वॅडिंग (मऊ भरणाची चादर) चालेल, त्यावर बुरशी कमी येते.

घराची लादी या वेळी उपयोगी पडते. अस्तर उलटं पसरून चारी कडा चिकटपट्टीने लादीला ताणून चिकटवा. ओढाताण नको, सुरकुती जाईल इतकंच. वर मधला थर, वर नक्षीचं कापड. मधून बाहेर जात, तळहाताच्या अंतरावर कच्चे टाके. सेफ्टी पिनांनी काम लवकर होतं, पण पावसाळ्यात आठ दिवसांत त्या गंजतात आणि तो डाग म्हणजे पुन्हा लोखंडाचं काळंच. दोऱ्याने टाचा. सुयाही तेलाचं बोट फिरवलेल्या फलानीत खोचून ठेवा.

हाताने करणार असाल तर धावदोरा मधून सुरू करून बाहेर न्या, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. आपल्या शेजारी, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर-मुंडगोड भागातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायका नेमकं उलटं करतात. कडेपासून सुरू करून ठिगळं दुमडत, लावत, टाके घालत मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. त्यांच्या कवंदीत, म्हणजे गोधडीत, आधी वरचं कापड जोडून घ्यायची भानगडच नाही. हे करून बघण्यासारखं आहे, विशेषतः मांडणी आधी कागदावर ठरवायचा कंटाळा असलेल्यांनी.

टाके सगळीकडे सारखेच दाट घाला. एका कोपऱ्यात दाट आणि दुसरीकडे विरळ झाले तर काम भिंतीवर वाकडं लोंबतं. मशीनवर मोकळी नक्षी काढायची तर खालचे दाते उतरवा, रफूचा पाय लावा, नव्वद नंबरची सुई घ्या. आणि ढग गडगडायला लागले की मशीनची पिन काढा.

गोट, टांगणी, साठवण

शिवून झालं की काम ओलसर करून लादीवर पसरा, गुण्याने चारी कोन काटकोनात आणा, वाळू द्या, मगच कडा कापा. मातीने रंगवलेलं असेल तर पाणी फक्त फवाऱ्याने. गोटाची पट्टी सहा सेंटिमीटर रुंद, दुहेरी दुमडून. सरळ कडांना सरळ पट्टीच बरी, उरेब (तिरकी कापलेली) पट्टी फक्त वळणांना.

मागे वरच्या कडेला दहा सेंटिमीटर रुंद बोगदा शिवा, त्यात थोडी ढील ठेवा, नाहीतर दांडीची गोलाई पुढून दिसते. चिऱ्याच्या भिंतीला काम चिकटवून लावू नका. दांडीमागे लाकडाचे ठोकळे ठेवून दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. पावसाचा मारा लागणारी भिंत टाळा. संग्रहालयांत कापडावर ५० लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत, घरात एवढं जमत नाही, पण थेट ऊन पडणारी जागा तरी नको.

न लावलेली कामं घडी घालून ठेवू नका, घडीवर धागे तुटतात. जाड पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेलं मांजरपाट गुंडाळा, त्यावर काम नक्षीची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वर पुन्हा मांजरपाट. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत ओल कोंडते. पावसाळ्यात उघाड मिळाली की नळ्या उलगडून पडवीत तासभर वारा द्या आणि उलट्या टोकाने गुंडाळा. ऊन दाखवायचा मोह होतो, पण तो जाजमांना आणि उशांना. रंगवलेल्या कामाला सावलीच.

विकताना कामाच्या मागे कापडाची चिठ्ठी शिवा. नाव, वर्ष, गाव, कापड कुठलं, रंग कुठले. मातीचा किंवा लोखंडाचा रंग असेल तर ‘धुऊ नये, फक्त झटकावे’ हे तिथेच लिहा. किंमत ठरवायला नोंदवहीत तास लिहिलेले असतातच. त्यात भुसा आणायला आणि पाणी निवळायला गेलेला वेळही धरा, आणि गिऱ्हाइकाने ‘गोधडीच ना शेवटी?’ म्हटलं तरी त्यातला एक तासही कमी करू नका.